डांगर की ढोबळी? दोन्ही भाज्यांचं काम वेगळं. बाजरीतलं लोह अंगी लागायचं असेल तर हा हिशेब वाचा

श्रीगोंदा : आठवडे बाजारात डांगराच्या फोडी आणि ढोबळी मिरचीचा ढीग एकाच पालाखाली दिसतो. फोड बहुतेक वेळा स्वस्त, ढोबळी बहुतेक वेळा महाग. त्यामुळे ढोबळी म्हणजे पाहुण्यांची भाजी आणि डांगर म्हणजे पित्राच्या जेवणाची किंवा दुसरं काही नसलं की करायची भाजी, असा हिशेब बऱ्याच घरांत पक्का झालेला आहे. मुलं तर डांगर म्हटलं की तोंड वाकडं करतात.

पण जास्त भाव म्हणजे जास्त पोषण, असं काही गणित नाही. या दोन भाज्या शरीरात दोन वेगवेगळी कामं करतात. डांगर 'अ' जीवनसत्त्वाचं, म्हणजे डोळ्यांचं आणि प्रतिकारशक्तीचं काम बघतं. ढोबळी 'क' जीवनसत्त्वाचं. आणि हे 'क' जीवनसत्त्व आपल्या बाजरीच्या भाकरीतलं लोह अंगी लागायला मदत करतं.

हा मुद्दा किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के आहे. म्हणजे दर दोन बायांत एकीचं आणि दर तीन लेकरांत दोघांचं रक्त कमी. रोज भाकरी, भाजी, डाळ खाऊनही हे होतं, तेव्हा ताटात काय आहे याबरोबर त्यातलं अंगी किती लागतं हेही बघायला हवं.

स्क्वॅश म्हणजे नेमकं काय?

मोबाईलवर आहाराचे व्हिडिओ बघताना 'स्क्वॅश' हा शब्द वारंवार येतो. लिंबाच्या सरबताची बाटली मिळते, ते स्क्वॅश वेगळं. भाजीतलं स्क्वॅश म्हणजे भोपळ्याचं एक मोठं कुटुंब. आपलं डांगर, म्हणजे लाल भोपळा किंवा काशीफळ, याच कुटुंबातलं. विदर्भात काही भागांत डांगर म्हणजे खरबूज आणि कोकणात डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचा प्रकार. नगर भागात मात्र डांगर म्हटलं की लाल भोपळाच डोळ्यांपुढे येतो.

या कुटुंबाचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एक, कोवळं असताना सालासकट खायचं. पुण्याच्या बाजारात आणि हॉटेलांत दिसणारी काकडीसारखी झुकिनी ही त्यातली. दुसरा, वेलावर पूर्ण पिकू द्यायचं, साल टणक झाली की तोडायचं आणि महिनोनमहिने ठेवायचं. डांगर या दुसऱ्या गटातलं.

दुधी भोपळा मात्र यांचा सख्खा भाऊ नाही. काकडी, कारलं, दोडका यांच्याप्रमाणे तो वेलवर्गीय कुळातला खरा, पण त्याची जात वेगळी.

ढोबळी म्हणजेच सिमला मिरची. कोल्हापूरकडे तिला ढबू म्हणतात. तिचं कुळ वांगी, टोमॅटो, बटाट्याचं. घरातल्या तिखट मिरचीची आणि ढोबळीची जात वनस्पतीशास्त्रात एकच आहे. फरक एवढाच की मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन ढोबळीत तयार होत नाही.

दोन्ही परदेशी, दोन्ही आता घरच्या

डांगर काय आणि ढोबळी काय, दोन्हीचं मूळ अमेरिका खंडात. मेक्सिकोत भोपळ्याच्या जातीची लागवड सुमारे १०,००० वर्षांपूर्वी सुरू झाल्याचे पुरावे मिळाले आहेत. मिरचीही तिकडचीच. पोर्तुगीजांच्या जहाजांमुळे मिरचीसारखी पिकं आपल्या किनाऱ्यावर आली आणि नंतर देशभर पसरली. डांगराने मराठी घरात इतकं बस्तान बसवलं की घारगे, भरीत, बाकर भाजी ही सगळी त्याचीच नावं झाली. ढोबळी मागाहून आली. तिची ओळख पीठ पेरून केलेली भाजी आणि भरली ढोबळी.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेच्या कृषी खात्याचे अन्नघटकांचे तक्ते जगभर वापरले जातात. त्यानुसार १०० ग्रॅम कच्च्या भाजीत साधारण एवढं मिळतं. वाण, जमीन आणि पिकण्याची अवस्था यानुसार आकडे थोडे मागेपुढे होतात, पण एकमेकांतला फरक यातून नीट कळतो.

लाल भोपळा (डांगर)
• ऊर्जा : २६ कॅलरी
• कर्बोदकं : ६.५ ग्रॅम
• तंतू : ०.५ ग्रॅम
• 'अ' जीवनसत्त्व : ४२६ मायक्रोग्रॅम
• 'क' जीवनसत्त्व : ९ मिलिग्रॅम
• पोटॅशियम : ३४० मिलिग्रॅम

हिरवी ढोबळी
• ऊर्जा : २० कॅलरी
• कर्बोदकं : ४.६ ग्रॅम
• तंतू : १.७ ग्रॅम
• 'अ' जीवनसत्त्व : १८ मायक्रोग्रॅम
• 'क' जीवनसत्त्व : ८० मिलिग्रॅम
• पोटॅशियम : १७५ मिलिग्रॅम

लाल ढोबळी
• 'अ' जीवनसत्त्व : १५७ मायक्रोग्रॅम
• 'क' जीवनसत्त्व : १२८ मिलिग्रॅम
• पोटॅशियम : २११ मिलिग्रॅम

झुकिनी
• ऊर्जा : १७ कॅलरी
• 'अ' जीवनसत्त्व : १० मायक्रोग्रॅम
• 'क' जीवनसत्त्व : १८ मिलिग्रॅम
• पोटॅशियम : २६१ मिलिग्रॅम

दोन्ही भाज्यांत ९० टक्क्यांहून जास्त पाणीच आहे. प्रथिनं दोन्हीत जेमतेम १ ग्रॅम. म्हणजे डाळ, उसळ, अंडं, दूध यांची जागा यातली एकही भाजी घेऊ शकत नाही. पण 'अ' आणि 'क' या दोन ओळी नीट बघा. 'अ' मध्ये डांगर हिरव्या ढोबळीच्या वीसपटीहून पुढे. 'क' मध्ये ढोबळी डांगराच्या जवळपास नऊपट.

शहरी हॉटेलातली झुकिनी 'अ' मध्ये डांगराच्या आणि 'क' मध्ये ढोबळीच्या बरीच मागे आहे. ती हलकी भाजी आहे, वाईट नाही. पण घरचं डांगर टाकून महागाची झुकिनी आणावी, असं तिच्यात काही नाही.

डांगर : डोळ्यांची भाजी

डांगराच्या गराचा केशरी रंग बीटा कॅरोटिनमुळे येतो. शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ महिलेला रोज ८४० आणि पुरुषाला १००० मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्व लागतं. १०० ग्रॅम चांगल्या केशरी डांगरातून बाईमाणसाची जवळपास निम्मी गरज भागते. फोड घेताना म्हणूनच रंग बघावा. गर जितका गडद केशरी, तितकं कॅरोटिन जास्त. फिक्या पिवळ्या गरात ते कमी असतं.

'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की अंधार पडल्यावर दिसत नाही, म्हणजे रातांधळेपणा येतो. कमतरता वाढत गेली तर बुबुळाला इजा होते. लहान मुलांत जुलाब, गोवरासारखे आजार जास्त जोर करतात. त्यासाठीच नऊ महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांना दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस दिला जातो. डांगर खाऊ घातलं म्हणून हा डोस चुकवायचा नाही. डोस वेगळा, रोजचं खाणं वेगळं.

कॅरोटिनची एक अट आहे. ते तेलात विरघळतं, पाण्यात नाही. नुसतं पाण्यात उकडून खाल्लं तर कमी अंगी लागतं. फोडणीचं चमचाभर तेल, दाण्याचं कूट किंवा थोडं तूप असलं की काम होतं. आपली पारंपरिक भाजी तेलाची फोडणी देऊन, वर कूट किंवा खोबरं घालून केली जाते, ती या दृष्टीने अगदी बरोबर आहे. शिजवल्याने कॅरोटिनचं फार नुकसान होत नाही. उलट गर मऊ झाल्याने ते शरीराला घ्यायला सोपं जातं.

सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं खाणं सुरू करताना उकडून कुस्करलेलं डांगर, त्यात थोडं तूप, हा सोपा आणि स्वस्त पदार्थ आहे.

बिया फेकू नका. धुऊन, वाळवून, तव्यावर भाजल्या की सोलून खाता येतात. सोललेल्या १०० ग्रॅम बियांत साधारण ३० ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय जस्त, मॅग्नेशियम आणि लोहही. शहरात याच बिया पाकिटात भरून चढ्या भावाने विकल्या जातात. फक्त त्यात जवळपास निम्मी चरबी असते, म्हणून मूठभर पुरे. लहान लेकरांना अख्ख्या बिया देऊ नयेत, घशात अडकू शकतात. त्यांना कूट करून द्यावं.

ढोबळी : भाकरीची जोडीदार

'क' जीवनसत्त्व आणि मिरची यांचा संबंध जगाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. हंगेरीतल्या सेगेड शहरात आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात तिथल्या पॅप्रिका मिरचीतून 'क' जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं केलं. संत्र्या-लिंबातून ते शुद्ध काढणं अवघड जात होतं, पॅप्रिकाने ते काम सोपं केलं. १९३७ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ही पॅप्रिका म्हणजे ढोबळीचीच जात.

आपल्यासाठी याचा उपयोग काय? बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६ मिलिग्रॅम लोह असतं. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांच्या प्रयत्नांतून आलेल्या 'धनशक्ती' या वाणात त्याहून जास्त. बाईमाणसाची रोजची लोहाची गरज २९ मिलिग्रॅम आहे. कागदावर बाजरी खाणाऱ्या घरात रक्त कमी पडायचं फारसं कारण दिसत नाही. पण धान्यातलं, डाळीतलं, पालेभाजीतलं लोह शरीर सहजी घेत नाही. धान्यात फायटेट नावाचा घटक असतो, तो लोहाला धरून ठेवतो. त्यामुळे खाल्लेल्या लोहातला थोडाच भाग रक्तापर्यंत पोहोचतो.

त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व असेल तर ही पकड ढिली होते आणि लोह शोषलं जाण्याचं प्रमाण बरंच वाढतं. अट एकच. दोन्ही एकाच जेवणात हवं. सकाळी भाकरी आणि संध्याकाळी ढोबळी, असं करून त्या भाकरीला फायदा होत नाही.

'क' जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्याने कमी होतं. ढोबळी जितकी जास्त वेळ शिजेल, जितक्या पाण्यात शिजेल, तितकं ते जातं. म्हणून :

• कापून पाण्यात भिजत ठेवू नका. आधी धुवा, मग कापा.
• मोठ्या आचेवर थोड्या वेळात परता. थोडी करकरीत राहिली तरी चालेल.
• पीठ पेरायचं असेल तर बेसन आधी वेगळं भाजून घ्या आणि शेवटी पेरा. म्हणजे ढोबळी उगाच जास्त वेळ वाफेवर राहत नाही.
• आठवड्यातून दोनदा तरी थोडी कच्ची खा. बारीक चिरून, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घालून कोशिंबीर होते.

जेवण झाल्या झाल्या चहा घेण्याची सवय असेल तर ती मोडा. चहातले घटक लोह अडवतात. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं तर पैसा न खर्चता फायदा होतो.

लिंबाच्या तालुक्याने हे वाचावंच

श्रीगोंदा तालुका लिंबासाठी ओळखला जातो. 'क' जीवनसत्त्व म्हणजे लिंबू, हे इथं सगळ्यांना पाठ. पण वजनाला वजन धरलं तर हिरव्या ढोबळीत कागदी लिंबाच्या रसाच्या दुपटीहून जास्त 'क' जीवनसत्त्व असतं. एका लिंबातून ३० मिलिलिटरच्या आसपास रस निघाला तर त्यातून मिळतं १० मिलिग्रॅमच्या घरात. ५० ग्रॅम कच्च्या हिरव्या ढोबळीतून मिळतं ४० मिलिग्रॅम.

म्हणजे लिंबू कमी कामाचं असं नाही. लिंबातलं आम्लही लोह शोषायला मदत करतं. घरचं लिंबू रोज ताटात येऊ शकतं, ढोबळी रोज परवडत नाही. फक्त लिंबू आमटी किंवा भाजी उकळताना न पिळता ताटात पिळावं.

ढोबळी महाग असेल त्या दिवसात आणखी पर्याय आहेत. पेरू त्यात बराच पुढे, १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमहून जास्त 'क'. आपल्याच जिल्ह्यातल्या राहात्याचा पेरू प्रसिद्ध आहे आणि बांधावर एखादं झाड बहुतेकांकडे असतं. आवळा, कच्ची कोबी, कोथिंबीर यांतूनही 'क' मिळतं. जेवणाबरोबर पेरूच्या दोन फोडी खाल्ल्या तरी भाकरीच्या लोहाला तोच आधार मिळतो.

हिरवी, पिवळी, लाल : फरक कशाचा?

हिरवी ढोबळी म्हणजे पूर्ण न पिकलेलं फळ. तेच झाडावर आणखी दोन-तीन आठवडे राहिलं की वाणानुसार लाल किंवा पिवळं होतं. पिकताना साखर वाढते, चव गोड होते. 'क' जीवनसत्त्वही वाढतं. लाल रंगात कॅरोटिन येतं, त्यामुळे लाल ढोबळी 'अ' आणि 'क' दोन्ही थोडं थोडं देते. पिवळीत 'क' भरपूर, १८० मिलिग्रॅमच्या पुढे, पण 'अ' नावापुरतंच.

रंगीत ढोबळी महाग का, याचं उत्तरही यातच आहे. फळ जास्त दिवस झाडावर ठेवावं लागतं, तेवढे दिवस झाडाला नवीन फळं कमी लागतात आणि डाग पडण्याचा, कीड लागण्याचा धोका वाढतो. म्हणून ती मुख्यतः पॉलिहाऊसमध्ये घेतात. घरखर्चाच्या दृष्टीने 'क' जीवनसत्त्वासाठी हिरवीही पुरेशी आहे. १०० ग्रॅममध्ये प्रौढ पुरुषाची ८० आणि महिलेची ६५ मिलिग्रॅमची दिवसाची गरज भागते. लालीसाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही.

घरात कोण किती टिकतं?

अख्खं, देठासकट, सालीला खरचटलेलं नसलेलं डांगर कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने सहज राहतं. माळ्यावर डांगर ठेवायची जुनी पद्धत यासाठीच होती. उन्हाळ्यात पालेभाजी मिळेनाशी होते किंवा पावसात वस्तीवरचा रस्ता बंद होतो, तेव्हा 'अ' जीवनसत्त्वाचा साठा घरातच असतो. फोड केली की मात्र तीन-चार दिवसांत संपवावी.

ढोबळीचं उलट. फ्रीजमध्ये आठवडा-दीड आठवडा, बाहेर उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत सुरकुतते. म्हणून लागेल तेवढीच आणावी.

भाव तोलताना वाया जाणारा भागही धरा. १ किलो डांगरातून साल, बिया, देठ काढून साधारण ७०० ग्रॅम गर हाती येतो. १ किलो ढोबळीतून ८०० ग्रॅमच्या थोडं वर.

शेतात दोघांचं वागणं

श्रीगोंदा पर्जन्यछायेतला तालुका. कुकडी आणि घोडच्या आवर्तनावर, नाहीतर विहीर-बोअरवर सगळं अवलंबून. या दोन पिकांचं पाण्याशी, भांडवलाशी आणि बाजाराशी नातं पूर्ण वेगळं आहे.

ढोबळीला रोपं, ठिबक, मल्चिंग, तार-सुतळीची बांधणी, नेमाने खत आणि फवारणी लागते. उन्हाचा कडाका वाढला की फूल गळतं, म्हणून शेडनेट. फुलकिडे आणि कोळी यांनी पानं वळतात, चुरडा-मुरडा येतो. रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत तोडा सुरू होतो आणि मग तोडे चालू राहतात. पैसा खेळता राहतो हे खरं. पण तोडलेला माल थांबत नाही. त्या दिवशी भाव पडला तर पडल्या भावाला द्यावा लागतो.

डांगराचा वेल पसरतो, जागा खातो, पण खर्च कमी. उसाच्या कडेला, बांधावर, लिंबाच्या नव्या बागेत मोकळ्या जागेवर चार-सहा वेल घरापुरते सहज होतात. पीक साधारण चार महिन्यांचं. भाव नसेल तर फळ सावलीत ठेवून थांबता येतं, हा त्याचा मोठा गुण. बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेची 'अर्का चंदन', 'अर्का सूर्यमुखी' ही डांगराची, तर 'अर्का मोहिनी', 'अर्का गौरव' ही ढोबळीची वाणं आहेत.

डांगर लावणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते, "फुलं भरपूर, फळ काही धरत नाही." डांगरात नर आणि मादी फुलं वेगळी असतात. सुरुवातीला येणारी बहुतेक फुलं नर असतात, ती गळणारच. मादी फुलाखाली छोटा भोपळा आधीच दिसतो. परागीभवन मधमाश्या करतात आणि ते सकाळी होतं. म्हणून फुलोऱ्यात सकाळची फवारणी टाळावी, गरज असेल तर संध्याकाळी करावी. फळमाशीसाठी कामगंध सापळे लावले तर फवारणीही कमी लागते.

या गोष्टी विसरू नका

कडू लागलं तर थुंका. डांगर, दुधी, काकडी, दोडका यांपैकी काहीही शिजवण्याआधी छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू असेल तर त्यात कुकुर्बिटासिन हा विषारी घटक आहे. शिजवून, मीठ लावून, मसाला टाकून तो जात नाही. कडू दुधीच्या रसाने देशात विषबाधेची प्रकरणं घडली आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने कडू रस पिऊ नये असा इशारा दिलेला आहे. खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, चक्कर सुरू झाली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

फवारणीचा काळ पाळा. ढोबळी सालासकट खाल्ली जाते, डांगराची जाड साल आपण काढतो. त्यामुळे ढोबळीवरच्या औषधाचा अंश पोटात जाण्याची शक्यता जास्त. औषधाच्या लेबलवर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस हवेत ते दिलेलं असतं. तेवढे दिवस थांबणं ही उत्पादकाची जबाबदारी. घरी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, देठाजवळचा खड्डा नीट साफ करा. धुण्याने वरचा अंश बराच कमी होतो, पण आत शोषलेलं औषध जात नाही. म्हणून खरी काळजी शेतातच.

शुगर आहे म्हणून डांगर बंद करू नका. चवीला गोड असलं तरी १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं साडेसहा ग्रॅमच. एका मध्यम भाकरीत ती चाळीस ग्रॅमच्या आसपास असतात. वाटीभर भाजी चालते. गूळ घालून तळलेल्या घारग्यांचा हिशेब मात्र वेगळा.

किडनीचा त्रास असेल तर विचारून खा. डांगरात पोटॅशियम बऱ्यापैकी आहे. डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल तर प्रमाण त्यांनाच विचारा.

रक्तक्षयाच्या गोळ्या बंद करू नका. गरोदर, स्तनदा माता आणि वयात येणाऱ्या मुलींना सरकारी दवाखान्यातून, शाळेतून लोहाच्या गोळ्या मिळतात. भाजीने त्यांची जागा भरत नाही. हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि गोळी 'क' जीवनसत्त्व असलेल्या जेवणानंतर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको.

आठवड्याचं साधं नियोजन

चार-पाच माणसांच्या घरासाठी एक अख्खं डांगर आणि आठवड्याला अर्धा किलो ढोबळी, एवढ्यावर बरंच काही बसतं.

• दोन दिवस : डांगराची भाजी, फोडणीचं तेल आणि दाण्याचं कूट घालून. सोबत बाजरीची भाकरी, डाळ आणि ताटात पिळलेलं लिंबू.
• एक दिवस : डांगराचं दह्यातलं भरीत, वरून फोडणी.
• एक दिवस : पीठ पेरून ढोबळी, झटपट परतलेली, भाकरीबरोबर.
• दोन दिवस : ढोबळीची कच्ची कोशिंबीर. मटकी किंवा हुलग्याच्या उसळीबरोबर खाल्ली तर उसळीतलं लोहही कामी येतं.
• उरलेल्या दिवशी : घरची पालेभाजी आणि जेवणासोबत पेरू किंवा लिंबू.

ताट वाढताना एक जुनी सवयही तपासून बघावी. बऱ्याच घरांत ढोबळीसारखी महागाची भाजी आधी पुरुषांना आणि पाहुण्यांना वाढली जाते, घरातली बाई शेवटी उरलंसुरलं खाते. लोहाची गरज मात्र तिची पुरुषापेक्षा बरीच जास्त, रोज २९ मिलिग्रॅम. पुरुषाची १९. अर्धा किलो ढोबळी आणली तर त्यातली कोशिंबीर आधी तिच्या आणि वयात येणाऱ्या लेकीच्या ताटात पडली पाहिजे.